दुसरी बॅटरी

बाड हॉम्बुर्ग हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. फ्रँकफुर्टहून एस-५ लोकल पकडली की वीस-पंचवीस मिनिटांत टाउनुस डोंगराच्या पायथ्याशी हे गाव लागतं. इथे खनिज पाण्याचे झरे आहेत (चव म्हणाल तर खिळे भिजत घातलेल्या खारट पाण्यासारखी, पाहुणे आले की मी त्यांना आवर्जून पाजतो), इथली टोपी जगभर 'हॉम्बुर्ग हॅट' म्हणून गेली, आणि इथल्या कॅसिनोत दोस्तोयेव्हस्की पैसे हरला. कॅसिनो चालवणाऱ्या ब्लांक बंधूंपैकी एकानं पुढे जाऊन माँटे कार्लो नावारूपाला आणलं. जर्मन कैसर उन्हाळ्यात इथे मुक्कामाला यायचा. सयामचा राजा चुलालोंगकोर्न १९०७ मध्ये इथे उपचारासाठी आला आणि बरं वाटलं म्हणून गावाला एक थाई मंडप भेट देऊन गेला, तो अजून बागेत उभा आहे.

हे सगळं तुम्हाला पर्यटनाच्या पुस्तकात सापडेल. मला सांगायचं आहे ते बॅटरीबद्दल. हो, गाडीतली बॅटरी! सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद पडतं, क्लच दाबला किंवा ब्रेक सोडला की पुन्हा सुरू होतं, त्या 'स्टार्ट-स्टॉप' प्रकारच्या गाड्या आता आपल्याकडेही भरपूर झाल्या आहेत. त्यांच्या बॅटरीची कहाणी शोधत गेलो तर ती फिरून फिरून माझ्याच गावात येऊन पोचली. गंमत म्हणजे इथे बॅटरीचा कारखाना कधी नव्हता. इथे होते ते मालक.

पण आधी थोडं मागे जाऊ. १७ जून १९०४. हॉम्बुर्गजवळच्या साल्बुर्ग या जुन्या रोमन किल्ल्यापाशी गॉर्डन बेनेट चषकाची मोटारशर्यत सुरू झाली. कैसर स्वतः बघायला हजर. पाचशेहून जास्त किलोमीटरचं अंतर, चार फेऱ्या, लिम्बुर्ग, इडश्टाईन, क्योनिगश्टाईन अशी गावं घेत पुन्हा हॉम्बुर्ग. जिंकला तेरी नावाचा फ्रेंच चालक, आणि दुसरा आला मर्सिडीज चालवणारा बेल्जियन, कामिय झेनात्झी. हा झेनात्झी लक्षात ठेवा. त्यानंच आदल्या वर्षी आयर्लंडमध्ये चषक जिंकला होता, म्हणून तर १९०४ ची शर्यत जर्मनीच्या वाट्याला आली. आणि त्याच्याही आधी, २९ एप्रिल १८९९ रोजी, याच माणसानं जगात पहिल्यांदा मोटारीत बसून ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली होती. ती गाडी पेट्रोलची नव्हती बरं का! बंदुकीच्या गोळीच्या आकाराची, शिशाच्या बॅटऱ्यांनी खच्चून भरलेली विजेची गाडी होती.

म्हणजे पाच वर्षांत तोच माणूस बॅटरी सोडून पेट्रोलकडे आला. तेव्हाच्या सगळ्या मोटारजगानं हेच केलं. शिशाची बॅटरी जड, तिच्यात ऊर्जा थोडी मावते, आणि भरायला तासन् तास लागतात. बॅटरी हरली असंच सगळ्यांना वाटलं असणार. पण पेट्रोलच्या गाडीची एक मोठी अडचण होती: ती स्वतःहून सुरू होत नसे. पुढे उभं राहून लोखंडी हँडल गरागरा फिरवावं लागे, आणि इंजिननं उलटा झटका दिला की मनगट मोडे. आपल्याकडे जुन्या ट्रकचं हँडल मारताना ज्यांनी पाहिलंय त्यांना कल्पना येईल. १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि बॅटरी मागच्या दारानं पुन्हा मोटारीत शिरली. केटरिंगची युक्ती साधी होती. मोटर सतत चालायची नाहीये, काही सेकंदच चालायची आहे, तेव्हा तिला तेवढ्यापुरती झेपेल त्याच्या कितीतरी पट वीज द्या आणि लगेच बंद करा. (त्याच १९१२ साली हॉम्बुर्गला 'बाड', म्हणजे स्नानाचं गाव, ही पदवी मिळाली. संबंध काही नाही, आपलं सनावळी लक्षात ठेवायला बरं.)

त्यानंतरची जवळजवळ शंभर वर्षं गाडीच्या बॅटरीचं आयुष्य एखाद्या पेन्शनरासारखं गेलं. सकाळी एकदा जोर लावायचा, मग अल्टरनेटर दिवसभर खाऊ घालणार, आणि संध्याकाळी विश्रांती. त्या कामासाठी शिशाचे पातळ पत्रे आणि सौम्य गंधकाम्ल पुरेसं होतं. अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर टाकलं की झालं.

आता मालकांकडे येऊ. जर्मनीतली सगळ्यात मोठी बॅटरी कंपनी म्हणजे हागेन गावची 'अकुमुलाटोरेन-फाब्रिक', थोडक्यात आफा. आडोल्फ म्युलर या उद्योजकानं हेन्री ट्यूडर या लक्झेम्बर्गच्या संशोधकाचं तंत्र घेऊन १८८७च्या सुमारास ती सुरू केली. साल्बुर्गची शर्यत झाली त्याच १९०४च्या सुमारास आफानं छोट्या, हलवता येणाऱ्या बॅटऱ्यांसाठी एक वेगळी कंपनी काढली. 'हलवता येणाऱ्या बॅटऱ्यांची विक्री, भरणी आणि दुरुस्ती' अशा अर्थाच्या जर्मन शब्दांची आद्याक्षरं जुळवून तिचं नाव ठेवलं: वार्टा. हे नाव तुम्ही नक्की पाहिलं असेल. १९२३ मध्ये आफाचा ताबा गेला ग्युंटर क्वांट या कापडगिरणीवाल्याकडे. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या गणवेशाचं कापड विकून त्यानं पैसा केला होता, आणि चलनवाढीच्या धुमाकुळात, लोक भाजी घ्यायला नोटांच्या थप्प्या नेत होते तेव्हा, हा शांतपणे शेअर गोळा करत होता.

ग्युंटर १९५४ मध्ये वारला. उद्योग दोन मुलांकडे आला, आणि मोठा मुलगा हर्बर्ट याचं बिऱ्हाड बाड हॉम्बुर्गला. इथल्या सेडामवेग नावाच्या रस्त्यावर ग्युंटर क्वांट हाउस आहे, तिथून या घराण्याचा कारभार चालत आला. हर्बर्ट लहानपणापासून जवळजवळ आंधळा, कागदपत्रं दुसऱ्यांनी वाचून दाखवायची. ९ डिसेंबर १९५९ रोजी बीएमडब्ल्यू ही डबघाईला आलेली कंपनी डाइमलर-बेन्झला विकण्याचा ठराव भागधारकांच्या सभेपुढे होता. छोट्या भागधारकांनी ताळेबंदातली चूक दाखवून तो लांबणीवर टाकला, आणि त्यानंतर हर्बर्टनं सल्लागारांचं न ऐकता आपला पैसा ओतून कंपनी वाचवली. आजही बीएमडब्ल्यूचे जवळपास निम्मे शेअर त्याच्या दोन मुलांकडे आहेत, आणि ती दोन्ही मुलं इथेच, बाड हॉम्बुर्गला जन्मलेली. मोटार आणि मोटारीची बॅटरी, दोन्हींची सूत्रं बरीच वर्षं एकाच घराण्याकडे होती!

त्याच बीएमडब्ल्यूनं २००७च्या वसंतात आपल्या छोट्या '१ सीरिज' गाडीत स्टार्ट-स्टॉप आणलं. ही कल्पना तिची नव्हती. टोयोटानं १९७४ मध्ये क्राउन गाडीत असा प्रयोग केला होता, फोक्सवागननं ऐंशीच्या दशकात पोलोत आणि मग गोल्फ इकोमॅटिकमध्ये केला, पण सिग्नलला इंजिन बंद पडलं की गिऱ्हाईक घाबरायचं. (आपला पुण्याचा रिक्षावाला तर हे काम कुठल्याही संगणकाशिवाय वर्षानुवर्षं करत आलाय. सिग्नल दिसला की इंजिन बंद, हिरवा झाला की खालचा दांडा खेचून चालू.) २००७ नंतर मात्र हे वेगानं पसरलं, आणि त्याचं कारण रस्त्यावर कमी आणि प्रयोगशाळेत जास्त आहे. युरोपीय संघानं २००९ मध्ये नियम केला की २०१५ पर्यंत नव्या गाड्यांचा सरासरी कार्बन डायॉक्साइड किलोमीटरला १३० ग्रॅमवर आला पाहिजे, नाहीतर दंड. तो मोजायची तेव्हाची चाचणी सुमारे १,१८० सेकंदांची, आणि त्यातला जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी! उभ्या गाडीचं इंजिन बंद केलं की आकडा खाली येणारच. कंपन्यांना एवढ्या स्वस्तात एवढे ग्रॅम दुसरीकडे कुठे मिळणार होते? रोज रखडत शहरात जाणाऱ्याला याचा खरोखर फायदा होतो हे मी मान्य करतो, पण हायवेवाल्याला नाही. २०१७ पासून नवी चाचणी आली, तिच्यात उभं राहण्याचा वेळ बराच कमी आहे.

या सगळ्यात पेन्शनर बॅटरीचं काय झालं? तिला उतारवयात वेठीला धरलं. दिवसाला दोन-चार वेळा ऐवजी चाळीस-पन्नास वेळा इंजिन फिरवायचं. इंजिन बंद असताना दिवे, पंखा, रेडिओ, काच गरम करणं, सगळं एकटीनं पेलायचं. शिवाय तिला पूर्ण भरूही देत नाहीत! ब्रेक मारताना फुकट मिळणारी वीज साठवायला जागा हवी म्हणून गाडीचा संगणक तिला मुद्दाम थोडी रिकामी ठेवतो. साधी पातळ आम्लाची बॅटरी अशी अर्धपोटी राहिली की जड आम्ल तळाला बसतं, पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात आणि ती लवकर मरते. म्हणून आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून ठेवलेल्या 'एजीएम' बॅटऱ्या आल्या. ऋण टोकावर एक सेन्सर बसवला, तो आत-बाहेर जाणारी वीज मोजत राहतो, वाण्याच्या वहीसारखा हिशेब ठेवतो.

तरी एक अडचण उरतेच. स्टार्टर फिरतो त्या क्षणी बॅटरीचा दाब बारा व्होल्टवरून नऊ-दहावर कोसळतो. सकाळी एकदा दिवे मिणमिणले तर कुणी मनावर घेत नाही, पण प्रत्येक सिग्नलला रेडिओ बंद पडायला लागला तर? काहींनी व्होल्ट सावरणारा कन्व्हर्टर लावला, काहींनी मोठे कपॅसिटर लावले, आणि मर्सिडीज, व्होल्व्हो, जीप यांच्या काही गाड्यांत आली दुसरी, छोटी बॅटरी. मोटारसायकलला शोभेल एवढी, बहुधा १०-१२ अँपिअर-तासांची. इंजिन पुन्हा सुरू होताना बऱ्याच गाड्यांत एक रिले दोघींना वेगळं करतो, मोठी स्टार्टरला जोर देते आणि धाकटी तेवढ्या वेळापुरती घरातले दिवे सांभाळते.

आमच्या गाडीतली ही धाकटी पाचव्या हिवाळ्यात रुसली. घर ते ऑफिस चार किलोमीटर, गाडी धड गरमही होत नाही, बॅटरीनं भरायचं कधी? आधी स्टार्ट-स्टॉप चालेनासं झालं. मी थंडीला दोष दिला, कारण बाहेर शून्याच्या आसपास असलं की संगणक ते स्वतःहून बंद ठेवतो. मग एक दिवस काट्यांच्या मधोमध संदेश उमटला: सहायक बॅटरीत बिघाड. गाडी मात्र उत्तम चालू. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपनं (नाव नको) दोन्ही बॅटऱ्या आणि एक कंट्रोल युनिट बदला म्हणून सांगितलं, आणि आकडा असा की त्यात माझं पुण्याचं विमानाचं तिकीट आलं असतं. मी पाया पडून परत आलो.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर मी काय केलं ते सांगतो. आधी ठोकळ्या पुस्तकात धाकटी बसवली आहे कुठे ते शोधलं. कुठे ती पायाखालच्या गालिच्याखाली असते, कुठे मोठीच्या शेजारी, तर कुठे डिकीत. दोघींची ऋण टोकं सोडवून गाडी रात्रभर तशीच ठेवली, कारण जोडलेल्या अवस्थेत मोजलं तर एक दुसरीचं खरं रूप झाकते. सकाळी मल्टिमीटर लावला. पूर्ण भरलेली धडधाकट एजीएम १२.८च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. मोठी निघाली १२.६, म्हणजे ठणठणीत. धाकटी ११.४! तिला वेगळ्या चार्जरनं रात्रभर भरून पाहिलं, भरल्यासारखं दाखवलं आणि एक दिवा लावताच पुन्हा बसली. निदान झालं. इथे बरेच लोक फसतात ते असे: बॉनेटखालच्या टोकांना चार्जर लावून मोठी भरते, धाकटीपर्यंत ती वीज पोचेलच असं नाही. आणि चार्जरचा ऋण चिमटा मोठीच्या टोकाला थेट लावला तर सेन्सरला ते कळत नाही, त्याचा हिशेब चुकतो. तो चिमटा बॉडीला लावायचा. ज्या गाड्यांत दोघी एरवी समांतर जोडलेल्या असतात तिथे मेलेली धाकटी मोठीलाही रिकामी करते, तिथे दिरंगाई महागात पडते.

शेजारच्या फ्रीडरिक्सडॉर्फ गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं अर्ध्या तासात नवी बसवून दिली. (फ्रीडरिक्सडॉर्फ म्हणजे फिलिप राइसचं गाव. तिथल्या शाळामास्तरानं ग्रॅहॅम बेलच्या १५ वर्षं आधी, १८६१ मध्ये, बॅटरीवर चालणारा टेलिफोन फ्रँकफुर्टला दाखवला होता. त्याची आठवण निघाल्याशिवाय तिथे कुठलंही काम होत नाही.) तारा आवळताना म्हातारा मोठीवरच्या वार्टाच्या स्टिकरवर टिचकी मारून म्हणाला, "ही श्ट्योकेनची. तिथं काय झालं ठाऊक आहे ना तुला?"

मला अर्धवट ठाऊक होतं. घरी येऊन नीट वाचलं.

श्ट्योकेन हा हॅनोवर शहराचा भाग. आफानं तिथे १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात नवा कारखाना उभारला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या पाण्याखाली चालायच्या त्या आफाच्या बॅटऱ्यांवर. ग्युंटर क्वांट १९३३ मध्ये नाझी पक्षात गेला होता, १९३७ मध्ये त्याला युद्ध-अर्थव्यवस्थेतल्या म्होरक्याची पदवीही मिळाली. कामगार कमी पडू लागले तेव्हा १९४३ मध्ये श्ट्योकेनच्या कारखान्यालगत नॉयेनगामे छळछावणीची एक उपछावणी उघडली. तिथले कैदी शिशाच्या वाफेत आणि भुकटीत, धड संरक्षण न देता, बॅटऱ्या बनवायचे. शिसं म्हणजे सावकाश मारणारं विष. पोटात कळा येतात, हातपाय लुळे पडतात, आणि हे उपाशी शरीराला. एप्रिल १९४५ मध्ये दोस्तांचं सैन्य जवळ आल्यावर छावणी रिकामी केली. आजारी कैद्यांना मालगाडीत कोंबलं. त्यांच्यातले बरेच जण गार्डेलेगेन गावाजवळच्या त्या कोठारात पोचले जिथे १३ एप्रिलला कैद्यांना कोंडून आग लावण्यात आली. वेगवेगळ्या छावण्यांतल्या १,०१६ जणांचे मृतदेह तिथे सापडले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकन सैन्य गावात शिरलं.

युद्धानंतर ग्युंटर दीडेक वर्ष नजरकैदेत होता. १९४८ मध्ये नाझीशुद्धीच्या न्यायाधिकरणानं त्याला 'मिटलॉइफर' ठरवलं, म्हणजे नुसता सोबत चालणारा! उद्योग शाबूत राहिले. त्यातूनच पुढे बीएमडब्ल्यू वाचली हेही खरं, आणि त्यामुळे हजारो लोकांच्या चुली पेटत राहिल्या हेही खरं. मला या दोन खऱ्यांची बेरीज करता येत नाही.

घराणं या विषयावर गप्प होतं. ३० सप्टेंबर २००७ रोजी, म्हणजे बीएमडब्ल्यूनं स्टार्ट-स्टॉप आणलं त्याच वर्षी, इथल्या सरकारी वाहिनीनं आधी कसलीही जाहिरात न करता रात्री उशिरा एक माहितीपट दाखवला: 'क्वांट घराण्याचं मौन'. त्यात श्ट्योकेनच्या छावणीतून वाचलेला डेन्मार्कचा एक वृद्ध कैदी बोलला. आठवड्याभरात घराण्यानं जाहीर केलं की एका इतिहासकाराला सगळी कागदपत्रं खुली करू. बॉन विद्यापीठाच्या योआखिम शोल्टिसेक यांचा हजारावर पानांचा ग्रंथ २०११ मध्ये आला. ग्युंटरला सगळं ठाऊक होतं आणि तो त्या राजवटीचा भाग होता, असाच त्याचा निष्कर्ष आहे. सेडामवेगवरच्या इमारतीचं नाव मात्र ग्युंटर क्वांट हाउसच. मी पोहायला त्याच रस्त्यानं टाउनुस-थेर्मेला जातो.

वार्टाचा मोटार-बॅटरीचा धंदा क्वांट घराण्याकडे आता नाही. २००२ मध्ये तो जॉन्सन कंट्रोल्स या अमेरिकन कंपनीनं घेतला, आणि २०१९ पासून त्याचं नाव क्लॅरियोस. श्ट्योकेनचा कारखाना चालूच आहे. आणि तिथे बनतात त्या नेमक्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांच्या एजीएम बॅटऱ्या. आजचे कामगार संघटित, पगारी, त्यांच्या रक्तातलं शिसं नियमानं तपासलं जातं. तेच शिसं, तेच गंधकाम्ल.

शिशाचा धोका मात्र संपलेला नाही, तो सरकला आहे. इथे नवी बॅटरी घेताना साडेसात युरो अनामत भरावी लागते, जुनी परत दिली की ती मिळते, त्यामुळे जुनी बॅटरी कुणी फेकत नाही. आपल्याकडे परत घेण्याचा नियम २००१ पासून आहे, २०२२ मध्ये नवा आणि कडक आला. तरी गावाबाहेर कुठेतरी बॅटऱ्या फोडून, आम्ल नाल्यात ओतून, उघड्या भट्टीत शिसं वितळवणारे आहेतच, आणि त्या धुरात त्यांची पोरंही खेळतात. स्टार्ट-स्टॉपमुळे बॅटऱ्या लवकर बदलाव्या लागतात आणि एका गाडीत दोन-दोन असतात, तेव्हा हा माल वाढणारच. मारुतीनं २०१८च्या सियाझमध्ये दुसरी बॅटरी लिथियमची दिली, इतरही तिकडे वळताहेत, पण पहिली अजून शिशाचीच.

माझ्या नाशिकच्या भाच्यानं गेल्या वर्षी दोन बॅटऱ्यांची गाडी घेतली. त्याचा परवा फोन आला, "मामा, सिग्नलला बंदच पडत नाही हो आता." त्याला सांगितलं, आधी दोन्ही वेगवेगळ्या मोज, बदलायची वेळ आली तर एजीएमच्या जागी साधी घालू नकोस, नवी बसवल्यावर गाडीच्या संगणकात तिची नोंद करून घे. आणि जुनी दारावर आलेल्या भंगारवाल्याला न देता दुकानदाराकडे जमा करून पावती घे. तो म्हणाला, भंगारवाला चारशे रुपये जास्त देतोय. मी म्हटलं, ते चारशे मी पाठवतो.